एक्स-रे चालू ठेवून दिलेला निकाल

कॉलेजच्या ऑनलाइन स्पर्धेत एका मुलाला मी चीटर ठरवून बाद केलं. तो चीटर नव्हता. घाई, गर्दी अशी कारणं पुढे करता आली असती, पण त्याच्या सामन्याचं रेकॉर्डिंग, म्हणजे डेमो, मी निवांत बसून पाहिला होता आणि माझी खात्रीच पटली होती. म्हणूनच ती चूक कशी झाली ते सविस्तर सांगायला हवं.

आम्ही काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या स्पर्धा भरवायचो. पंच मी, कारण डेमो पाहायची सवय मला होती. 2013 पासून त्या गेममध्ये ओव्हरवॉच नावाची सोय होती. संशयिताच्या खेळाचं रेकॉर्डिंग अनुभवी खेळाडूंकडे जायचं, नाव झाकलेलं असायचं, आणि एमबॉट (आपोआप नेम धरणारं चीट), वॉलहॅक (भिंतीपलीकडचं दाखवणारं चीट) वगैरे आरोपांवर त्यांनी निकाल द्यायचा. पण तिथे बऱ्याच जणांची मतं जुळल्याशिवाय बंदी येत नसे. आमच्या स्पर्धेत मत एकच होतं, माझं.

काळही संशयाचा होता. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या टीमच्या एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर ऐन सामन्यात चीट सापडलं. फाइलला नाव दिलं होतं ‘वर्ड’. अख्खी टीम बाद झाली आणि पुढे ती मोडलीच. इथे खेळणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते फार लागलं होतं. त्यानंतर कुणी जरा चांगला खेळला की ‘हॅक आहे रे, रिपोर्ट मार’ सुरू व्हायचं. आपल्या स्पर्धेत असलं काही खपवून घ्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या मुलाविरुद्ध तक्रार हरलेल्या टीमने केली. मॅप मिराज. मुलगा ए साइटवर खोक्याआड उभा, प्रतिस्पर्धी पॅलेसमधून येतोय. मी एक्स-रे चालू ठेवला होता, म्हणजे मला भिंतीपलीकडचे खेळाडू चमकताना दिसत होते. मुलाचा क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, भिंतीवरून त्या आकृतीबरोबर सरकत गेला, समोरचा बाहेर आला आणि पहिल्याच गोळीत हेडशॉट. दुसऱ्या एका राउंडमध्ये नेम एका झटक्यात डावीकडून उजवीकडे गेला. वॉलहॅक आणि एमबॉट, दोन्ही सिद्ध! ग्रुपवर मी त्याचं नाव टाकलं.

त्याचा मेसेज आला, “दादा, एकदा आवाज चालू करून बघा ना.” मी उत्तर दिलं, “निकाल लागलाय.”

बऱ्याच दिवसांनी एका नव्या पंचाला शिकवताना तोच डेमो नमुना म्हणून काढला. त्याने हेडफोन लावले, एक्स-रे बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग मी ऐकलं. प्रतिस्पर्धी शिफ्ट दाबून पावलांचा आवाज न लपवता धावत येत होता आणि उजव्या कानात पावलं स्वच्छ वाजत होती. क्रॉसहेअर थांबला होता तो पॅलेसच्या तोंडाशी, जिथे कुणीही थांबवला असता. ज्या राउंडांमध्ये तिथून कुणी आलंच नाही, त्यांतही तो तिथेच नेम धरून उभा होता. ते राउंड मी पुढे ढकलले होते, कारण त्यांत कुणी मरत नव्हतं. नेमाच्या झटक्याचं कारणही साधं होतं. सर्व्हर सेकंदाला 64 वेळा खेळ मोजत होता, डेमो मात्र आम्ही 32 वरच नोंदवत होतो. मधली हालचाल त्यात नव्हतीच.

शत्रू कुठे आहे हे मला माहीत होतं, म्हणून त्यालाही माहीत आहे असं मला दिसत गेलं.

2018 मध्येच, गेम बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीच्या जॉन मॅकडोनाल्ड यांनी एका व्याख्यानात सांगितलं होतं की ओव्हरवॉचकडे माणसांच्या तक्रारीवरून आलेल्या प्रकरणांत 15 ते 30 टक्क्यांतच दोष सिद्ध होतो. म्हणजे बहुतेक वेळा तक्रार टिकत नसे. हे मी वाचलेलं होतं. फक्त स्वतःला लावून पाहिलं नव्हतं.

त्याच हंगामात खरा चीटर माझ्या नजरेखालून गेला. बोलायला नम्र, स्कोअर मध्यम, भिंतीकडे तर कधी टक लावून पाहायचाच नाही. पुढे त्याच्या प्रोफाइलवर व्हॅकच्या, म्हणजे व्हॉल्वच्या चीट पकडणाऱ्या यंत्रणेच्या, बंदीची लाल ओळ दिसली, तेव्हा जुने डेमो पुन्हा काढले. साइटवर शिरताना प्रत्येक जण कोपरे तपासत जातो. रिकामे निघाले तरी तपासावेच लागतात. हा रिकाम्या कोपऱ्यांकडे पाठ करून सरळ पुढे जायचा, आणि जिथे माणूस असेल तिथेच वळायचा. त्याच्या चुका कुठे आहेत हे मी शोधलंच नव्हतं, नुसते हेडशॉट मोजत बसलो होतो.

बाद केलेल्या त्या मुलाला मी फोन केला, आणि ज्या ग्रुपवर नाव टाकलं होतं तिथेच माझी चूक लिहिली. तो म्हणाला, “ठीक आहे दादा.” तोवर त्याच्या टीमने त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेतला होता, आणि तो ग्रुपही बराचसा बंद पडला होता.