गर्भरक्षणाचें औषध

घरांत कोणास दिवस राहिल्याचें कळलें कीं औषधांची चर्चा सुरू होते. पूर्वीं ती काढ्यांची व शतावरीची असे. हल्लीं ती हार्मोनच्या गोळीची असते. आमच्या परिचितांच्या घरांतून या गोळीस 'गर्भ टिकविण्याची गोळी' असें सुटसुटीत नांव पडलें आहे, आणि सारा घोटाळा आमच्या मतें या नांवांतच आहे. गोळी गर्भ टिकविते असें एकदां ठरलें, म्हणजे ती कोणासहि, केव्हांहि व कितीहि दिवस द्यावी असें वाटूं लागतें.

आमच्या धाकट्या सुनेचे दोन गर्भपात झाले होते. तिसऱ्या खेपेस सातव्या आठवड्यांत थोडें रक्त दिसलें. आमच्या थोरल्या जाऊबाईंनीं लगेच कपाटांतून गोळ्यांचें एक अर्धवट पाकीट काढलें. त्यांच्या नातसुनेच्या वेळचें तें उरलेलें. "अगं, तिला गुण आला, हिलाहि येईल. डॉक्टरकडे धांवायची घाई कशाला?" जाऊबाईंचा हेतु निर्मळ होता यांत शंका नाहीं. तथापि आम्ही सुनेस घेऊन त्याच दिवशीं डॉक्टरीणबाईंकडे गेलों. कारण गर्भ गर्भाशयाबाहेर नळींत रुजला असला तरीहि असेंच रक्त दिसतें, आणि अशा वेळीं गोळी घेऊन घरीं निजून राहणें जिवावर बेततें. सुदैवानें सोनोग्राफींत गर्भ जागच्या जागीं होता, व त्याच्या हृदयाचे ठोकेहि दिसले.

या हार्मोनचें नांव प्रोजेस्टेरॉन. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजकोशांत त्या जागीं एक लहानसा पिवळा पिंड तयार होतो. तो हें द्रव्य निर्माण करतो, आणि त्याच्या योगानें गर्भाशयाचें अस्तर गर्भास आधार देण्याजोगें राहतें. पुढें आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास तें काम वार आपल्याकडे घेते. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें कॉर्नर व ॲलन यांनीं १९२९ सालीं सशांवर प्रयोग करून हें दाखविलें: पिंड काढून टाकलेल्या माद्यांचे गर्भ त्या पिंडाच्या अर्कानें टिकले. आज हें प्रोजेस्टेरॉन कारखान्यांत तयार होतें व शरीरांतल्या द्रव्याशीं तंतोतंत जुळतें. तोंडानें घेतल्यास त्याचा बराच भाग यकृतांत नाश पावतो, म्हणून तें बहुधा योनिमार्गें देतात. तोंडानें घेतां येणारें डायड्रोजेस्टेरॉन हें त्याचेंच थोडें फिरविलेलें कृत्रिम रूप होय.

परंतु हार्मोन म्हटलें कीं सारीं एकच, असें नव्हे. लंडनमध्यें डॉड्स यांनीं १९३८ सालीं डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हें निराळ्या जातीचें कृत्रिम हार्मोन प्रसिद्ध केलें, आणि अमेरिकेंत तें गर्भपात टळावा म्हणून असंख्य स्त्रियांस देण्यांत आलें. त्याचा कांहीं उपयोग नाहीं असें शिकागो येथील परीक्षेंत १९५३ सालींच दिसून आलें होतें. तरीहि देणारे देत राहिले व घेणाऱ्या घेत राहिल्या. १९७१ सालीं बॉस्टनच्या डॉक्टरांस आठ तरुण मुलींत योनीचा एक दुर्मिळ कर्करोग आढळला. त्यांपैकीं सात जणींच्या आयांनीं गरोदरपणीं हेंच औषध घेतलें होतें! त्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें तें गर्भवतींस देऊं नये असें बजाविलें. 'घेतलें तर अपाय काय होणार आहे?' असें सहज म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं ही हकीकत अवश्य ऐकावी.

प्रोजेस्टेरॉनची गोष्ट तशी नाहीं, पण त्याचीहि मर्यादा आहे. गर्भारपणाच्या आरंभीं रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रियांवर ब्रिटनमध्यें केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७५ जणींस जिवंत मूल झालें. ज्यांस नुसतें दिखाऊ औषध दिलें होतें त्यांच्यांत शेंकडा ७२. एवढा फरक योगायोगानेंहि पडूं शकतो. मात्र ज्यांचे पूर्वीं तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते, त्यांच्यांत हेच आंकडे ७२ व ५७ असे निघाले. आणि ज्यांचा एकहि झाला नव्हता, त्यांस लाभ मुळींच दिसला नाहीं. म्हणून २०२१ पासून तेथील 'नाइस' ही संस्था रक्तस्राव व पूर्वींचा गर्भपात या दोन्ही गोष्टी असल्यासच हें औषध सुचविते; आणि ठोके दिसले तर सोळा आठवडे पुरे होईपर्यंतच.

आमच्या सुनेस या दोन्ही गोष्टी लागू होत्या, म्हणून तिला औषध मिळालें. दिवसांतून दोन वेळां तें योनिमार्गें घेऊन कांहीं वेळ पडून राहावयाचें. आतां अकरा माणसांच्या घरांत, सकाळच्या गडबडींत, सुनेनें दार लावून अर्धा तास पडावें कसें? पहिले दोन दिवस बिचारी संकोचानें वेळ चुकवीत होती. मग आम्हीं मधली खोली तिला मोकळी करून दिली व सकाळचा चहा स्वतः करूं लागलों. औषधाच्या चिठ्ठीवर हें कोणी लिहीत नाहीं.

डॉक्टरीणबाई तिला आणखी एक गोष्ट बोलल्या. सुरुवातीचे सुमारें निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळें होतात. त्यांस औषधहि थांबवीत नाहीं आणि आईची चूकहि कारण नसते. "मागच्या वेळीं मी जिना फार चढलें, म्हणून तर नाहीं ना?" सुनेनें विचारलें. दोन वर्षें ती हें मनांत धरून होती, आणि घरांत कोणास त्याचा पत्ता नव्हता. "नाहीं हो," असें उत्तर ऐकतांच ती तेथेंच रडूं लागली.

मुलगी झाली, आतां ती रांगते. जाऊबाई श्रेय गणपतीच्या नवसास देतात, आमचे चिरंजीव औषधास देतात. डॉक्टरीणबाईंस आम्हीं विचारलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "औषधावांचूनहि कदाचित् झालीच असती. एकट्या बाईपुरतें तें सांगतां येत नाहीं."