लिहून देणार, लिहून घेणार

देवदूताचा दर मिनिटाला शंभर सुवर्णमुद्रा. काम तासांचं असेल तर तासाला हजार, दिवसांचं असेल तर दिवसाला दहा हजार, आणि दहा दिवसांच्या वर तो थांबत नाही. भाचीच्या पुस्तकात हे दरपत्रक पहिल्यांदा वाचलं आणि मी मनातल्या मनात लगेच हिशेबाला बसले. अकरा मिनिटांचं काम काढलं तर अकराशे होतात. त्यापेक्षा सरळ तासाचं काम सांगावं. हजारात भागतं आणि वर एकोणपन्नास मिनिटं देवदूत आपल्याकडे. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं खेळतोय, हे आमच्या कुणाच्या डोक्यात नाही आलं." येणार कसं? तिचे आजोबा, म्हणजे आमचे आप्पा, दस्तलेखक होते हे तिला ऐकून माहीत. मी त्यांच्या टेबलाखाली बसून अक्षरं गिरवलेली.

पुस्तक 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं, 2014 सालच्या आवृत्तीचं. भाची आणि तिचे पाच मित्रमैत्रिणी दर शनिवारी रात्री पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये हा खेळ मांडतात. पट नसला तरी चालतं. एकजण 'डीएम', म्हणजे डंजन मास्टर. तो जग सांगतो, त्यातल्या राजांपासून उंदरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात शिरतात आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. 1974 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाहेर काढला. खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया लावता लावता त्यांना तो सुचला, आणि ते मूळ अजून जात नाही. अर्धी रात्र ढाल-तलवारीत जाते. मी तेवढ्यात चहा टाकून घेते. माझं लक्ष असतं ते वर्तुळाकडे.

वर्तुळ असं. चांदी आणि लोखंडाची पूड, शंभर मुद्रांची, जमिनीवर पसरायची. दहा फूट त्रिज्या, वीस फूट उंची, मुदत एक तास. एरवी ते बाहेरच्या अमानवी जिवांना आत येऊ देत नाही. पण उलटं टाकलं तर आतल्याला बाहेर पडू देत नाही. तो आत अडकला की दुसरा मंत्र, 'प्लेनर बाइंडिंग', त्याला चाकरीला बांधण्याचा. त्याला हजार मुद्रांचं रत्न लागतं, ते मंत्रात खर्ची पडतं. आणि तो मंत्र म्हणायला लागतो बरोबर एक तास. मुदत एक तास, काम एक तास. आमचे आप्पा हे वाचून खुर्चीत मागे रेलून हसले असते. शहाणा विझार्ड म्हणून वर्तुळासाठी जास्तीची शक्ती मोजून मुदत वाढवून घेतो. जो घेत नाही, त्याच्या गोष्टी मुलं हसत हसत सांगतात.

आप्पा तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कचेरीबाहेर बसत. लाकडी पेटी, स्टॅम्पपेपर, शाई. लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक, मग चतुःसीमा: पूर्वेस कोणाचं कुंपण, पश्चिमेस कोणता वहाळ. त्यानंतर ते जुन्या वळणाने एक ओळ घालत: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह. निधिनिक्षेप म्हणजे जमिनीत पुरलेलं धन. चार गुंठ्यांच्या भातजमिनीत कसलं धन असणार? पण उद्या नांगराला हंडा लागला तर तो कुणाचा, हे आज लिहायला शाईचा एक थेंब पुरतो, असं ते म्हणायचे. दस्त पुरा झाला की तो मोठ्याने वाचायचा, आणि तोही विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या आवाजात. वाचता वाचता कुठे त्या आवाजाला मजा वाटायला लागली की तिथे खोट आहे हे ओळखायचं.

डीएम नेमका त्याच आवाजात बोलतो.

खेळाच्या अगदी पहिल्या, 1974च्या छोट्या पुस्तिकांमध्येच हा आवाज आहे. त्यात एक अदृश्य प्राणी आहे, हवेसारखा, 'इन्व्हिजिबल स्टॉकर'. जादूगाराने बोलावलं की येतो, सांगितलेलं काम इमानाने करतो. मात्र न संपणाऱ्या कामाचा त्याला मनापासून कंटाळा. लेखकाने उदाहरण दिलंय: समजा त्याला सांगितलं, माझं सगळ्या हल्ल्यांपासून रक्षण कर आणि मला काही इजा होऊ देऊ नको. झालं. तो जादूगाराला उचलून आपल्या लोकात घेऊन जातो आणि तिथे निपचित झोपवून ठेवतो, कायमचा. कुठला हल्ला नाही, कसली इजा नाही. शब्दात कुठे काना-मात्रा चुकलेली नाही. मुदत लिहायची राहिली, एवढंच.

1977च्या राक्षसांच्या कोशात आगीच्या लोकातला इफ्रीत येतो, तर त्याला मुदत आहे: जास्तीत जास्त 1001 दिवस चाकरी, नाहीतर तीन इच्छा. 1001 हा आकडा कुठून आला ते सांगायला नको. तोही मालकाच्या हुकमाचं अक्षर पाळतो आणि अर्थ मोडतो. पुढे या खेळातल्या डेव्हिल लोकांनी तर हाच धंदा केला. नरकाचे नऊ थर, प्रत्येकाला दर्जा, बढती, करारनामे, अगदी कचेरी. डीमन मंडळी त्यांच्या उलट, त्यांचा कागदावर विश्वासच नाही, समोर येईल ते फोडायचं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या आईबापांना भीती पडली की आपली पोरं खरोखरच सैतानाला बोलावतायत. मग 1989च्या आवृत्तीत कंपनीने ही दोन्ही नावंच काढून टाकली. डीमन झाले तनारी, डेव्हिल झाले बाटेझू. स्वभाव, दात, शेपट्या जागच्या जागी. आप्पांनी 'उर्फ' लिहून दोन्ही नावं ठेवली असती.

हे सगळं मला परकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आमच्या गावात गाऱ्हाणं घालणारा देवापुढे उभा राहिला की कुणाला वगळत नसे: गावातले, मुंबईला गेलेले, कळत चुकलेले, नकळत चुकलेले. प्रत्येक कलमाला मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा". हिरण्यकशिपूने दिवस-रात्र, घर-अंगण, माणूस-जनावर सगळं लिहून घेतलं आणि उंबरठा विसरला. सावित्रीकडे तर वर्तुळही नव्हतं. ती नुसती यमाच्या मागून चालत राहिली. तो दर वेळी म्हणे, सत्यवानाचे प्राण सोडून काय हवं ते माग. आणि तिने सत्यवानापासून शंभर पुत्र मागितले. भाचीच्या टेबलावर मी हे सांगितलं तेव्हा डीएम पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, मी यम असतो ना, तर हो म्हणण्याआधी एकदा वाचून दाखवा म्हटलं असतं."

मला या खेळाचं वेड नक्की कशाने लागलं? जिंकण्याने नाही, हरण्यानेही नाही. आपलं बोलणं हल्ली कोण ऐकतं? घरात अर्धं वाक्य झालं की पुढचा "कळलं, कळलं" म्हणतो. डॉक्टर संगणकाकडे बघत ऐकतो. फोनवरची बाई मला एक दाबा, दोन दाबा सांगते. त्या वर्तुळात उभा असलेला मात्र तुमचा एकेक शब्द उचलून उजेडात धरतो, प्रत्यय तपासतो, "पर्यंत" म्हणजे त्या दिवसासकट की त्या दिवसाआधी ते विचारतो. त्याला तुमचा नाश करायचा असतो, ही गोष्ट खरी. पण ऐकावं तर त्याने.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी एक मुलगी आजारी पडली आणि तिच्या विझार्डची जागा मला मिळाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आता वाटाघाटी मावशीकडे. आम्ही एका पडक्या किल्ल्यात कोंडलो होतो, चहूबाजूंनी शत्रू, पहाटे हल्ला होणार. वर्तुळात एक डेव्हिल. बांधायला रत्न आमच्याकडे नव्हतं. होतं ते एक माणिक, पण त्याची किंमत हजाराला पोचत नव्हती, म्हणून सौदाच करायचा होता. ही मुलं एरवी अशा वेळी इंग्रजीत बोलतात. नियम इंग्रजीत, भांडणं मराठीत. मी सवयीने मराठीत सुरू केलं.

पहिली अडचण संबोधनाची. देवाला आपण अरे-तुरे करतो, व्याह्यांना अहो-जाहो. सैतानाला काय म्हणायचं? मी "तू" म्हटलं. अर्धा तास आम्ही दोघं रंगलो. भुयाराचं तोंड कुठे, ते दुसऱ्या बाजूला नक्की उघडतं का, 'उघडतं' म्हणजे माणूस मावेल इतकं का, वाटेत काय काय आहे, 'काय काय'मध्ये सांगायचं राहिलेलं असलं तर त्याचा दोष कुणाकडे. एकही शब्द मी ढिला सोडला नाही. माणिक त्याला कधी द्यायचं ते ठरलं. मुलं श्वास रोखून बघत होती आणि मला, खरं सांगते, आप्पांची पेटी दिसत होती. शेवटी मी खुशीत येऊन म्हटलं, "मग ठरलं तर. तू भुयार दाखव, माणिक तुझं, आणि पहाटेच्या आत आपण इथून बाहेर. शब्द देते."

"मान्य," डीएम म्हणाला. इतक्या लवकर तो कधी मान्य म्हणत नाही.

त्याने भुयार सांगितलं, सगळं खरं सांगितलं. माणिक घेतलं. मग वर्तुळाच्या कडेशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चला."

"चला म्हणजे?"

"आपण, म्हणालात तुम्ही. आम्ही नाही म्हणालात. मी मोजून घेतलं. तुम्ही पाच, मी सहावा. पहाटेच्या आत आपण बाहेर. रेघ पुसा."

टेबलावर एकच गोंधळ उडाला. एकजण म्हणाला, इंग्रजीत 'वुई' म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. भाची म्हणाली, 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्हीसुद्धा होतं! "मग तर उत्तमच," डीएम म्हणाला, "मावशी मला आदराने म्हणाल्या, आपण बाहेर. तरी मी बाहेरच." तिसरा म्हणाला, 'आपण' म्हणजे स्वतः, माणूस एकट्यापुरतंही म्हणतो. तेवढी एक फट होती, पण त्यातून फक्त मी सुटत होते, बाकीचे चौघे नाही. आणि सैतानाला दिलेला शब्द मोडला की काय होतं ते त्या पोराने मला आधीच सांगून ठेवलं होतं. साठ वर्षं बोलत आलेल्या भाषेतल्या एका सर्वनामावर मी घसरले होते. लिहून देणार: मी.

मी पूड पुसली. पायाने नव्हे, हाताने, असं सांगितलं. का कोण जाणे.

भुयारातून आम्ही सहाजण चाललो. तो काही बोलला नाही, कुणाला हात लावला नाही. एका ठिकाणी पाणी छातीपर्यंत होतं, तिथे त्याने आमच्यातल्या बुटक्या क्लेरिकला खांद्यावर घेतलं. तेही करारात बसतच होतं. बाहेर सगळ्यांनी पोचायचं होतं. हॉलमध्ये रात्रीचे दोन वाजले होते, चहाच्या कपांवर साय धरली होती. डीएम हळू आवाजात सांगत होता, पुढे उजेड दिसतोय, गवताचा वास येतोय, डोंगरामागे तांबडं फुटतंय. आम्ही बाहेर आलो. मुलं निःश्वास टाकून खुर्च्यांवर मागे रेलली.

तो उतारावरून काही पावलं खाली गेला आणि वळून माझ्याकडे बघून म्हणाला, "येतो."

आणि मी, दारात उभं राहून आल्यागेल्याला जन्मभर म्हणत आले तसं, म्हणून गेले, "ये."

डीएमने वही उघडली आणि काहीतरी लिहून घेतलं.