न उघडणारी खिडकी

रविवार, ठाणे (डिसेंबर)

क्रूझला जायचं हे ठरलं. कुठल्या, यात अख्खा रविवार गेला. नवऱ्याने वहीत तीन रकाने आखले. माणूस बँकेतला, त्याला रकान्यांशिवाय सुट्टीसुद्धा सुचत नाही.

पहिला रकाना मुंबईहून सुटणाऱ्या गोवा-लक्षद्वीपच्या बोटीचा. विमान नको, व्हिसा नको, टॅक्सीने बॅलार्ड पियरला जायचं आणि चढायचं. पण लक्षद्वीपला मोठी बोट प्रवाळाच्या कडेबाहेर उभी राहते, तिथून लहान होड्यांनी बेटावर नेतात. समुद्राचा मूड नसेल तर बेट लांबूनच बघा. दुसरा रकाना भूमध्य समुद्राचा: बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, रोम. रोम म्हणजे प्रत्यक्षात चिवितावेक्किया नावाचं बंदर, तिथून रोमला ट्रेनने तासभर. शेंगेन व्हिसा, दोन्हीकडचं विमान, सगळं मांडून खाली बेरीज केल्यावर नवऱ्याने पेनचं टोपण लावलं. तिसरा रकाना सिंगापूर ते सिंगापूर, मध्ये पिनांग आणि फुकेत, चार रात्री.

मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. मला कशेडी घाटात एसटी लागते, बोट लागणार नाही कशावरून? मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने सुमात्रा, दुसऱ्या बाजूने मलेशिया, त्यामुळे भर समुद्रातल्या लाटा आत पोचत नाहीत. पुढे फुकेतला अंदमानचा समुद्र लागतो, तो पावसाळ्यात खवळतो, पण फेब्रुवारीत निवांत असतो. पहिल्याच खेपेला उलट्या करायला लाखभर रुपये घालवायचे नाहीत, एवढं माझं म्हणणं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "बोटीचं नाव काढू नका." त्यांनी रत्नागिरी ते भाऊचा धक्का डेकवर बसून प्रवास केलाय, ट्रंकेवर डोकं टेकून. मग 'रामदास' बोटीची गोष्ट निघाली. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, गटारी अमावास्या, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या, पण सांगतात अशा की जणू धक्क्यावर उभ्या होत्या. मी चहा ठेवला.

बुधवार, ठाणे

खोलीवरून वाद. आतली खोली सर्वांत स्वस्त, तिला खिडकीच नाही. बाल्कनीची जवळजवळ दीडपट. नवरा आतलीच्या बाजूने, मी बाल्कनीच्या. शेवटी खिडकीवाली घेतली. काच आहे, उघडत नाही. मजला खालचा आणि बोटीच्या बरोबर मध्यावरचा, कारण सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला सर्वांत कमी हेलकावे. टोकाच्या आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या महाग असून जास्त हलतात, हे कळल्यावर मी बाल्कनीचा हट्ट सोडला.

भाडं माणशी छापतात, पण एका खोलीत दोघं धरून. एकटा माणूस गेला तर त्याला जवळपास दोघांचं भरावं लागतं. म्हणजे हा धंदा नवरा-बायकोच्याच जिवावर चालतो.

खोली, दोघांची: ९६,०००
बंदरांचे कर: १५,४००
सेवकांची बक्षिसी, सक्तीची, माणशी रोज अठरा डॉलर: बोटीवर द्यायची
विमान: ६८,२००
सिंगापूरचा व्हिसा: ५,८०० (बोट परत तिथेच येते, म्हणून पुन्हा आत शिरता येईल असाच लागतो)
विमा: २,१००
बोटीवर वायफाय: नको. वाद नाही.

बुधवार, सिंगापूर (फेब्रुवारी)

रात्रीचं विमान, झोप नाही. घड्याळ अडीच तास पुढे. हॉटेलची खोली तीन वाजेपर्यंत देईनात. चहा साडेचार सिंगापूर डॉलर, त्यात दुधाची बाटली वेगळी, आणि कोमट. नवरा रुपयांत गुणाकार करतो आणि मग पीत नाही. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, छान. पाय सुजले. बस.

गुरुवार, बोटीवर

मरिना साऊथ पियर स्टेशनवर उतरून चालत टर्मिनलला. रांग, परत रांग, पासपोर्ट, फोटो, गळ्यात घालायचं कार्ड. आता खोलीचं दार, जेवण, खरेदी, सगळं त्या कार्डावर.

सामान तपासणीच्या पलीकडे एक लांब टेबल होतं. त्यावर प्रवाशांकडून काढून घेतलेल्या वस्तू चिठ्ठ्या लावून मांडल्या होत्या: इस्त्र्या, एक्स्टेन्शन बोर्ड, पाण्याच्या किटल्या, एक भाताचा कुकर. बोटीवर आगीची भीती सर्वांत मोठी, म्हणून तापणारं काही चालत नाही. नाशिकचे एक आजोबा स्टीलची किटली छातीशी धरून उभे होते. "फक्त दूध गरम करायला हो," असं ते फिलिपिनो मुलीला मराठीतच समजावत होते. मुलगी अतिशय नम्रपणे हात पुढे करून उभी. आजींनी मागून सांगितलं, "द्या आता, रांग खोळंबलीय." किटली गेली, पावती मिळाली. नंतर मला लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांनी ती पावती खिशातून काढून दाखवली.

सुटण्याआधी सगळ्यांना आपापल्या जमायच्या जागी हजेरी. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा पाठ करायचा. बरेच जण कंटाळून फोनमध्ये होते. मी नव्हते. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. बत्तीस माणसं गेली. त्यानंतर नियम बदलला आणि बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ही हजेरी घ्यायला लागले. नवरा म्हणाला, "हे तू आत्ताच का सांगतेयस?"

खोली छोटी, खिडकी गोल, काचेवर मिठाचे डाग. एसी फार गार. चहा पिशवीचा, दूध पावडरचं. लिफ्टला दहा मिनिटं.

शुक्रवार, पिनांग

दुपारी एक वाजता लागलो, नऊला सुटणार. नवऱ्याचा गुडघा दुखतोय, तो उतरला नाही. "फोन चालू ठेव," म्हणाला. फोन चालणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

स्वेटनहॅम धक्क्यावरून बाहेर पडलं की समोरच जॉर्ज टाउन. १७८६ साली फ्रान्सिस लाइट नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी वसवलेलं. २००८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण वारसा म्हणून कुणी पुसून-बिसून ठेवलेला दिसत नाही. लोक राहतात, कपडे वाळत घालतात. लिटल इंडियात मोगऱ्याचे गजरे आणि दुकानातून रस्त्यावर फेकलेली तमिळ गाणी. तिथून पुढे कपितान केलिंग मशीद, मग खांबांवर पाण्यात उभ्या लाकडी वस्त्या. एकेका चिनी आडनावाची एकेक वस्ती: चू, लिम, तान, ली. चू वस्तीत फळ्यांवरून चालताना खाली पाणी चमकतं. एका दारात म्हातारी बसून उदबत्त्यांच्या काड्या मोजत होती, मी थांबले तर हाताने 'जा पुढे' अशी खूण केली. पर्यटकांना कंटाळली असणार. मला ते आवडलं.

मग खाणं. आसाम लाक्सा. आसाम म्हणजे इथे आंबट. गाडीवरच्या माणसाने वाडग्यात तांदळाच्या जाड शेवया घातल्या, त्यावर पातेल्यातला गढूळ तपकिरी रस्सा ओतला, वर काकडी, अननस, पुदिना, लाल मिरची आणि एक गुलाबी फूल बारीक चिरून. शेवटी काळी कोळंबीची चटणी, चमचाभर. पहिला घोट घेतला आणि मी चमचा खाली ठेवला. बांगडा. उकडून, काटे काढून, रश्श्यातच कुस्करलेला बांगडा. माणसाला विचारलं तर म्हणाला, "कंबुंग." आंबटपणाला चिंच आहेच, पण पातेल्यात सुकवलेल्या फोडी तरंगत होत्या, पातळ, कडेला काळसर. ते फळ आमसुलाच्या भाऊबंदांतलं, कोकमाच्याच कुळातलं झाड. म्हणजे बांगड्याचं सारच म्हणायचं, फक्त नारळ नाही, शेवया आहेत आणि अननस. अननस मला पटला नाही. बाकी वाडगा चाटून पुसून. सात रिंगिट.

त्यावर सेंडोल: बर्फाचा कीस, नारळाचं दूध, गूळ, हिरव्या शेवया. मग परत एक लाक्सा, दुसऱ्या गाडीवर, तुलना करायला. दुसरी कमी आंबट.

कुठलीही वाट निवडताना कुणाला विचारायचं नव्हतं. संध्याकाळ झाली तरी घाई वाटली नाही. बोट एवढी मोठी की गल्लीच्या टोकाला सतत दिसते, हरवायची सोयच नाही. आणि नवरा तिच्यात आहे, कुठे जाणार? साडेसातला परतले तर तो वरच्या डेकवर खुर्चीत घोरत होता. पोटावर पुस्तक उलटं. त्याला उठवलं नाही, मीही शेजारी बसले.

एसी अजून गार.

शनिवार, फुकेत

धक्का नाही. बोट पातोंगसमोर समुद्रात उभी, किनाऱ्याला लहान बोटींनी. रत्नागिरीला बोट अशीच बाहेर थांबायची आणि पडाव यायचे, सासूबाई सांगतात. त्यांना एका खलाशाने काखेत धरून पडावात ठेवलं होतं. इथे दोन्ही बाजूंना दोघं, "वेलकम मॅडम", आणि तरीही पाऊल टाकताना मी डोळे मिटले.

टुकटुक: ४०० बात, घासाघीस करून
नारळ: ६० बात, दोन
वाळूवर खुर्ची: २०० बात
सनस्क्रीन: नको म्हणून नाही घेतलं, नवऱ्याचं टक्कल लाल

थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. किनाऱ्यावर उतरलं की फोन आपोआप मागे जातो, बोट मात्र स्वतःच्या वेळेवर चालते. दर फलकावर लिहिलंय, तरी शेवटच्या होडीसाठी एक पंजाबी जोडपं धावत आलं, तिच्या हातात चपला, त्याच्या हातात दोन आंबे. होडी सुटायच्या बेतात, पण दोर अजून सोडला नव्हता. त्यांना घेतलं. होडीभर टाळ्या. ती बाई त्याच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही, आमच्याच टेबलावर होते. आंबे बोटीवर न्यायला बंदी, जप्त.

किनारा गर्दीचा. पुन्हा येणार नाही.

रविवार, समुद्रात

आज कुठेही उतरायचं नाही. ज्या दिवसाची मला भीती होती तो.

सकाळी खोली आवरायला येणाऱ्या मुलाने टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला. पाठीत दोन घड्या, एक घडी ओढून सोंड. मी म्हटलं, छान जमलाय रे. तो थबकला, "मराठी?" आणि मग थांबेचना. गोव्यातल्या सासष्टीतला. "आंटी" म्हणायला लागला. नऊ महिन्यांचा करार, मग दोनेक महिने घरी, मग परत. घरात बोटीवर जाणारी तिसरी पिढी. त्याचा शापाय, म्हणजे आजोबा, मुंबईत धोबीतलावच्या जेर महालात गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, राहायचा. बोटीचं बोलावणं येईपर्यंत तिथेच मुक्काम, भिंतीशी लावलेल्या ट्रंका, संध्याकाळी वेदीसमोर सगळ्यांनी मिळून रोझारी. भाडं किरकोळ. कुणाला बोट मिळाली की बाकीचे त्याला बंदरापर्यंत सोडायला जायचे. धोबीतलावच्याच मेट्रो सिनेमाला कितीदा गेले असेन, जेर महालाकडे कधी मान वर करून पाहिलं नाही.

त्याला म्हटलं, तुझी बायको? "दुसऱ्या बोटीवर. स्पामध्ये." दोघांच्या सुट्ट्या जुळल्या तर वर्षातून महिना मिळतो. म्हणाला, इथे येणारी जोडपी पहिल्या दिवशी हातात हात घालून फिरतात, तिसऱ्या दिवशी एकाची खुर्ची स्विमिंग पूलजवळ, दुसऱ्याची लायब्ररीत, आणि जेवायला मात्र वेळेवर दोघं हजर. तीच खूष जोडपी. उरलेली, सगळीकडे एकत्र जाणारी, खाली काउंटरवर येऊन तक्रारी करतात. मग त्याने घड्याळ पाहिलं, अजून अकरा खोल्या, आणि गाडी ढकलत गेला.

नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग मी जरा वर जाऊन येतो," आणि तीन तास आला नाही. मी खिडकीपाशी. सामुद्रधुनीत इतकी वर्दळ की एक जहाज नजरेआड होण्याआधी दुसरं दिसतं, काहींवर कंटेनर सातमजली रचलेले. किती वेळ पाहत होते कळलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा कुठे गेलाय, काही खाल्लं का, गोळी घेतली का, यातलं काहीही डोक्यात न येता दुपार गेली, असं आठवत नाही. रात्री जेवायला दोघं आलो, तेव्हा बोलायला दोघांकडे वेगवेगळ्या गोष्टी होत्या. त्याने कप्तानाच्या भाषणाचं सांगितलं, मी कुडीचं. गोड पदार्थ दोन मागवले, वाटून खाल्ले नाहीत.

कपडे भरले. बॅगा आज रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या.

सोमवार, सिंगापूर ते ठाणे

सहाला बिल दाराखाली. नवऱ्याने एकेका ओळीवर पेनने टिक केली.

बक्षिसी: १४४ डॉलर
लिंबूपाणी, दोन: ९ डॉलर
फोटो: नाही घेतला
पायाचा मसाज, रविवार दुपार: ५९ डॉलर

शेवटच्या ओळीवर त्याने पेन न टेकवताच पान उलटलं. मी काही विचारलं नाही. हे छापून आल्यावर तो वाचेलच.

उतरायला दीड तास. टेबलापाशी आजोबा किटली घ्यायला सर्वांत पुढे, हातात पावती. विमान एक तास चाळीस मिनिटं उशिरा. विमानतळावर थाळी नाही, इडली १४ डॉलर, घेतली नाही. मुंबईत टॅक्सीवाल्याने ठाण्याचे आठशे जास्त मागितले, सहाशेवर आला. सासूबाई जाग्या होत्या. बोट लागली का, विचारलं. नाही म्हटलं. त्यांना फार पटलेलं दिसलं नाही.