वायफाय घ्या, वायफाय!

दहा रुपयांत काय येतं? वायफाय! रेलटेलने मार्च २०२१मध्ये स्टेशनांवर १० रुपयांत दिवसाला ५ जीबीचा प्लॅन आणला. पण पहिली ३० मिनिटं फुकट! विरार लोकलची वाट बघायला तेवढी बस्स झाली. त्यात २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा खिशातच आला. शिवाय वायफायचा ओटीपी येतो मोबाइलवर. म्हणजे रेंज असेल तरच लॉगिन. आणि रेंज असेल तर वायफाय कशाला, बॉस?

म्हणूनच आमच्या नंदाखालच्या दुकानदार काकांची काळजी वाटतेय. २०२०च्या पीएम-वाणी योजनेत दुकानदाराला लायसन्स लागत नाही, म्हणून साठवलेले पैसे घालून ते वायफाय विकणार आहेत. गिऱ्हाईक आहे हो, पण मोजकंच: संध्याकाळीच डेटा संपवणारी पोरं आणि लॅपटॉपवर पोट असलेली माझ्यासारखी माणसं. काका, सोबत टेबल, प्लग आणि शांतता द्या. दहाचे वीस देऊ!