स्वयंपाकघरातील रेडिओ

रेडिओ विकत घेणे ही काही संसारातील मोठी घटना नव्हे. मुलीचे लग्न, घराचे बांधकाम, बागेतील विहीर अशा गोष्टींत माणूस दहा जणांचा सल्ला घेतो. रेडिओ मात्र दुकानात दिसला, आवडला आणि घेतला, एवढाच प्रकार. आम्हीही असेच समजत होतो. परंतु २००९ च्या पावसाळ्यात आमच्या सावरगावच्या घरातील जुना रेडिओ कायमचा मुका झाला. त्याच्या जागी दुसरा आणताना आम्हांला जे शिकावे लागले, ते आपल्यासारख्या इतर घरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

सावरगाव पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. पांढुर्ण्याच्या गोटमारीचे नाव मात्र कानांवर आलेले असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांची माणसे एकमेकांवर दगड फेकतात. त्या दोन काठांपैकी एक पांढुर्ण्याचा आणि दुसरा आमचा. भोवती संत्र्यांचे बगीचे, उशाशी सातपुडा आणि रेल्वेने काही तासांच्या आत नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही आमच्याही प्रांताची राजधानी होती. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्ण्याचा हा मराठी पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण राज्य तेच. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बाजारात दोन्ही आणि चुलीपाशी मराठी, अशी आमच्या घराची वाटणी होऊन गेली.

सीमेने माणसांची कागदपत्रे वेगळी केली, हवेतील लहरी मात्र तिला अडवता आल्या नाहीत. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले होते. ते आम्हांला पूर्वी जसे ऐकू येई, तसेच पुढेही येत राहिले. वडिलांनी १९६९ साली सीताबर्डीवरून लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा रेडिओ आणला. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे. मग हिरवट उजेड पडलेल्या तबकडीवर काटा सहाशेच्या किंचित अलीकडे आणला की नागपूर लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. बैठकीत त्या पेटीवर भरतकामाचा रुमाल असे आणि बातम्यांच्या वेळी कोणी बोललेले वडिलांस खपत नसे. पुढे बैठकीत टीव्ही आला आणि रेडिओची बदली स्वयंपाकघरात झाली. वडिलांना ती पदावनती वाटली. आमच्या आईला मात्र हक्काचा सोबती मिळाला.

आई चौथी शिकलेली. तिची बोली आमच्या भागातली. ती डोळ्याला ‘डोया’ म्हणे आणि पोळ्याला ‘पोया’. पण रेडिओशी तिचे बोलणे चाले. भाजी चिरता चिरता ती वृत्तनिवेदकाला उत्तरे देई, पावसाचा अंदाज सांगणाऱ्याशी वाद घाली आणि एखादा नवा शब्द आला की तो दिवसभर घोळवी. ‘अवर्षण’ हा शब्द आम्ही शाळेत शिकलो नाही. तो आम्हांला पोळपाटाशेजारी मिळाला. लहानपणी अमरावतीच्या आत्याला लिहिलेल्या पत्रात आम्ही तो वापरला, तेव्हा तिने उलट टपाली विचारले होते, की हिंदी शाळेत मराठीचे गुरुजी केव्हा आले? गोटमारीच्या दिवशी नदीकडचा गलका घरात येऊ नये म्हणून आई नातवंडांना जवळ बसवून रेडिओ मोठा करी. आमच्या दोन पिढ्यांचे प्रमाण मराठी असे कानांवाटे घरात आले.

म्हणून जुना संच बंद पडला तेव्हा घरात काहीतरी बिघडले. दुरुस्ती करणाऱ्याने पेटी उघडून पाहिली आणि व्हॉल्व्ह मिळत नाहीत म्हणून हात टेकले. पहिला आठवडा कोणाच्या लक्षात आले नाही. मग जाणवले, की आई स्वयंपाकघरात बोलतच नाही. आमची धाकटी तेव्हा सात वर्षांची होती. ती शाळेतून आली की थेट टीव्हीसमोर बसे आणि आजीला हिंदीत उत्तरे देऊ लागली होती. एके संध्याकाळी ती आजीला म्हणाली, “आजी, मेरे डोले में कुछ गया.” आजीचा डोया, नातीचा डोला, आणि डोळा म्हणणारा घरात कोणीच उरला नव्हता. आम्हांस त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

घाईने आम्ही जवळच्याच बाजारातून एक चकचकीत डबा आणला. त्यात एफएम होते, पेन ड्राइव्ह चाले, दिवे लुकलुकत. गाणे लावले की फळीवरचे स्टीलचे डबे थरथरत. आईने दोन दिवस ऐकले आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला, “गाते चांगला, पण बोलत नाही.”

आम्हांला हे म्हाताऱ्या माणसाचे कुरबुरणे वाटले. पण कानांच्या डॉक्टरांकडे तिला नेले तेव्हा उलगडा झाला. उतारवयात कानाला आधी बारीक, उंच ध्वनी ऐकू येईनासे होतात. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यांचा आवाज भरदार. पण शब्दाला शब्दपण देणारी व्यंजने, विशेषतः स, श, च, ठ, थ, ही वरच्या पट्टीत आणि क्षीण असतात. त्यामुळे माणसाला कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते ते कळत नाही. त्यात रेडिओ घुमणारा असला, खालचे स्वर फुगवून सांगणारा असला, तर ते फुगलेले स्वर उरलीसुरली व्यंजनेही झाकून टाकतात. आवाज वाढवला तर घुमाराच वाढतो. आईची तक्रार शास्त्रशुद्ध होती.

मराठीला तर हे फारच नडते. ‘सात’ आणि ‘साठ’ ऐका. बाजारभाव ऐकणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक केवढा पडतो! ‘चार’ हा आकडा आणि बैलापुढचा ‘चारा’ यांतील च वेगळा आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतला ज वेगळा आहे. लिहिण्यात एकच अक्षर, भेद सारा उच्चारात. हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलाला हा भेद पुस्तक शिकवीत नाही. कानाने ऐकला तरच तो जिभेवर येतो. जो रेडिओ हा फरक गिळतो, तो कितीही गोड गावो, आमच्या स्वयंपाकघराच्या कामाचा नाही, हे आम्ही त्या वेळी मनाशी ठरवले.

दुसरी अडचण लहरींची होती. त्या चकचकीत डब्यात मीडियम वेव्ह नव्हतीच. एफएमचा आवाज निर्मळ, परंतु त्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यात चालतात. मध्ये डोंगर किंवा मोठे अंतर आले की थांबतात. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, आणि रात्री तर आकाशातील वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवरची केंद्रे घेऊन येतात. नागपूरची मराठी आमच्या गावापर्यंत येत होती ती मध्यम लहरींवर. त्यांचा आवाज मुळातच अरुंद पट्टीचा, म्हणून जे येते ते तरी संचाने शाबूत ठेवले पाहिजे.

मग आम्ही आईलाच बरोबर घेतले आणि आगगाडीने नागपूर गाठले. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे एक मोठा संच काढला, सिनेमाचे गाणे लावले आणि आवाज वर नेला. आई म्हणाली, “भाऊ, गाणं राहू दे. बोलणं लाव.” त्याने शेतीविषयक भाषण लावले. आईने आवाज निम्म्याहून कमी करवला, दहा पावले मागे जाऊन ती दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि जे ऐकू येईल ते मोठ्याने म्हणू लागली. दुकानातील गिऱ्हाईके हसू लागली. आम्हीही थोडे संकोचलो. परंतु याहून चांगली परीक्षा आम्हांला आजवर सापडलेली नाही. पहिल्या, मोठ्या संचाने निम्मे शब्द खाल्ले. दुसरा तळहाताएवढा, त्याचे शब्द स्वच्छ, पण आवाज इतका पातळ, की दुकानातील पंखा लावताच तो बुडाला. तिसरा साध्या चौकोनी पेटीचा, पुढच्या बाजूस चांगला वीतभर रुंद कर्णा, दोन मोठी बटणे, विजेवर आणि टॉर्चच्या मोठ्या सेलवरही चालणारा. त्याच्यावर आईने सलग पाच वाक्ये म्हटली, ‘साठ टक्के’ यासकट. गाणे तो मध्यमच गाई. किंमतही सर्वांत कमी होती. दुकानदार म्हणाला, “आजी, हा जुन्या पद्धतीचा आहे.” आई म्हणाली, “मीबी तशीच आहे.”

घरी आल्यावर नवेच विघ्न उभे राहिले. ओट्याजवळ ठेवला तर संच भुंग्यासारखा गुणगुणे. आम्ही दुकानदाराला मनातल्या मनात दोष देऊन मोकळे झालो होतो, पण दोष आमच्या घराचाच होता. नळीच्या दिव्याचा चोक, इन्व्हर्टर, मिक्सर ही सारी मंडळी मध्यम लहरींत स्वतःचा आवाज मिसळतात. एकेक उपकरण बंद करून पाहिले तेव्हा मुख्य चोर इन्व्हर्टर निघाला. सेलवर लावून, भिंतीच्या कोपऱ्यातून काढून रेडिओ खिडकीच्या कट्ट्यावर नेला, तेव्हा गुणगुण सरली. कोपऱ्यातून काढल्याचा आणखी एक लाभ झाला: दोन भिंतींच्या कोनात खालचे स्वर घुमतात, तो घुमाराही गेला आणि शब्द मोकळे झाले. फोडणीचा धूर व तेलाचे शिंतोडेही तेथवर पोहोचत नसत.

आणखी एक गंमत कळली. अशा संचाच्या पोटात मध्यम लहरी पकडणारी एक काळी आडवी कांडी असते. केंद्राच्या दिशेला तिची बाजू आली की आवाज भरतो, टोक आले की खंगतो. म्हणजे संचाचे तोंड किंवा पाठ केंद्राकडे असावी. आमच्या गावापासून नागपूर आग्नेयेला. आणि आमच्या वाडवडिलांनी स्वयंपाकघर बांधले तेही घराच्या आग्नेय कोपऱ्यात! आईला हे सांगितले तेव्हा तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही. अग्नी आणि आकाशवाणी एकाच दिशेला असायचीच, असा तिचा भाव होता.

पंधरा दिवसांत घर पूर्ववत झाले. आई पुन्हा वृत्तनिवेदकाशी भांडू लागली. धाकटी पोळी लाटायला शिकण्याच्या निमित्ताने तेथे रेंगाळू लागली. तिला कोणी धडा दिला नाही, चुकले म्हणून कोणी रागावले नाही. पुढच्या वर्षी पोळ्याला बैलांपुढे ती उभी होती आणि म्हणाली, “आजी, चारा संपला.” तो च आमचा होता. आई आत गेली आणि तिने उगाचच रेडिओ मोठा केला.

आई २०१६ साली गेली. धाकटी आता नोकरीसाठी हैदराबादेस असते. मधल्या काळात आकाशवाणीची कित्येक मध्यम लहरींची प्रक्षेपणे देशभर बंद होत गेली आणि बाजारात मीडियम वेव्हचा संच मिळणे दुर्मीळ झाले. परंतु आकाशवाणीच्या अॅपवरून मराठी केंद्रे आता मोबाइलवर ऐकता येतात; म्हणजे जी मराठी पूर्वी नागपूरच्या आसपासच पोहोचत होती, ती बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा परदेशातील स्वयंपाकघरातही पोहोचू शकते. लेकीने मध्यंतरी विचारले, की फोनला जोडायला छोटा स्पीकर घ्यायचा आहे, कोणता घेऊ? आम्ही तिला लिहिले: दुकानात गाणे लावू देऊ नकोस, बातम्या लाव. आवाज कमी कर. पाठ फिरवून उभी राहा आणि ऐकलेले मोठ्याने म्हण. साठ साठच ऐकू आले तर घे. घरी आणल्यावर कोपऱ्यात ठेवू नकोस, कानाच्या उंचीवर ठेव. आणि बैठकीत नव्हे, जेथे तू रोज हात कामात गुंतवून उभी असतेस तेथे ठेव.

बैठकीतील यंत्रापुढे माणसे गप्प बसतात. स्वयंपाकघरातील यंत्राशी ती बोलतात. परप्रांतातील मराठी घराला दुसऱ्या प्रकारच्या यंत्राची गरज आहे, असा आमचा अनुभव आहे. आपल्या घरी मराठी कोणत्या वाटेने टिकली, हे वाचकांनीही अवश्य लिहावे. सावरगावचा तो संच अजून खिडकीच्या कट्ट्यावर आहे, पाठ नागपूरकडे करून.