गरम प्रदेशातला नळ का फुटतो?



पाण्याच्या तीन अवस्था आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर बर्फ, पाणी, वाफ असं लिहिलं, मध्ये बाण काढले की पाठ संपतो. पण ‘पाण्याचा बर्फ झाला तर बिघडतं काय?’ हा प्रश्न आपल्या मुलांना सहसा पडत नाही. आपल्याकडे बर्फ फ्रिजमध्ये, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. आज मी ज्यावर लिहिते आहे तो विषय तुम्हाला लांबचा वाटेल. जिथे एरवी थंडी नसतेच, अशा प्रदेशात घराबाहेरचा नळ गोठण्यापासून कसा वाचवायचा? पण जरा दमानं वाचा. उष्णता, दाब, आकारमान, हे सगळे घटक त्या एका तोटीत सापडतात.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टनजवळ राहते. तिथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत. ह्यूस्टन म्हणजे समुद्राजवळचं, दमट, घामट शहर. अक्षांश बघाल तर आपल्या डेहराडूनच्या जवळपास. तिथली घरं उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून बांधलेली असतात. शिकागोसारख्या थंड शहरात पाण्याची लाइन जमिनीत पाच-सहा फूट खोल पुरतात. टेक्सासमध्ये ती उथळ असते, आणि घरातले पाइप बऱ्याचदा छताखालच्या माळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात. वर्षातले तीनशेहून जास्त दिवस यात काहीच चूक नसते.

मग २०२१ चा फेब्रुवारी आला. १६ तारखेला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, ह्यूस्टनमध्ये उणे १० च्या आसपास. ४५ लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज गेली. सुमारे १.४ कोटी लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे २४६ मृत्यूंची नोंद केली, त्यातले बहुतेक थंडीने.

बहिणीकडे दोन दिवस वीज नव्हती. पदरात वर्षाचं बाळ. अंगणातल्या नळाला त्यांनी जुना टॉवेल गुंडाळला, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. तो नळ वाचला. पण ऊन पडल्यावर, म्हणजे सगळं निवळतंय असं वाटत असताना, माळ्यातल्या फुटक्या पाइपातून पाणी सुरू झालं आणि बाळाच्या खोलीचं छत खाली आलं. सगळे हॉलमध्ये एकत्र झोपत होते म्हणून बाळ बचावलं. फोनवर ती रडत नव्हती, चिडली होती. “ताई, नळ तर नीट गुंडाळला होता गं. मग फुटलं का? तू मुलांना शिकवतेस ना, सांग.”

दहावीच्या विज्ञानात ‘पाण्याचे असंगत आचरण’ आहे. बहुतेक पदार्थ थंड झाल्यावर आकसतात. पाणी ४ अंशांपर्यंत आकसतं आणि त्याखाली उलट प्रसरण पावतं. बर्फ होताना तर त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. इथपर्यंत पुस्तकात आहे, आणि यावरून आपण सरळ सांगून टाकतो, ‘बर्फ फुगतो म्हणून पाइप फुटतो.’ हे अर्धंच खरं आहे.

पाइपात एखाद्या ठिकाणी बर्फाचं बूच तयार होतं. पाइपाच्या मागच्या बाजूला, म्हणजे मेन लाइनकडे, पाण्याला मागे सरकायला जागा असते. पण बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी अडकलं, त्याला जायला वाटच नाही. बूच वाढत जातं तसं ते या अडकलेल्या पाण्याला दाबत जातं. पाणी काही स्पंजासारखं दबत नाही. दाब नेहमीच्या कैक पट वाढतो आणि पाइप कमकुवत जागी फाटतो. गंमत अशी, की फाटलेल्या जागी बऱ्याचदा बर्फ नसतोच. आणि बूच वितळेपर्यंत पाणीही बाहेर येत नाही. म्हणून घर फुटतं ते थंडीत नाही, थंडी ओसरल्यावर.

निफाडकडच्या माझ्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, “मॅडम, मग द्राक्षाला पहाटे पाणी सोडतात तसं तिकडे नळ सोडून ठेवायचा का?” आपल्याकडे पारा ४-५ अंशांवर आला की बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ड्रिप चालू करतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. टेक्सासमध्येही लोक तोटी बारीक सोडून ठेवतात. जमिनीखालून येणारं पाणी थोडी ऊब आणतं, हे मुलाचं उत्तर बरोबर. पण मोठं कारण दाबाचं आहे. तोटी थोडीशी उघडी असेल तर बूच झालं तरी अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. तो थेंब बर्फ थांबवत नाही, पाइप वाचवतो. मला स्वतःला हे फार आवडलं.

आता गुंडाळण्याचं. नळाला स्वेटर घातला तर नळ गरम होतो का? वर्गात विचारा, निम्मे हात वर होतील. मग बर्फाचे दोन सारखे खडे घ्या, एक ताटलीत उघडा ठेवा, एक गोधडीत गुंडाळा. कुठला आधी वितळेल? मुलं पैजेवर गोधडी सांगतात. उघडा आधी वितळतो. बर्फवाला लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतो ते याचसाठी. आवरण ऊब देत नाही, उष्णतेची ये-जा मंद करतं. बाहेरच्या पितळी तोटीला ऊब मिळते ती भिंतीतून, घराच्या आतून. थर्माकोलची टोपी ती धरून ठेवते. म्हणून टोपी भिंतीला चिकटून बसली पाहिजे, फट राहिली की वारा ऊब घेऊन जातो. आणि म्हणूनच दोन दिवस वीज नसेल तर टॉवेल दहा गुंडाळा, उपयोग नाही. घरच थंड, मग धरून ठेवायचं काय?

इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांवरून दक्षिणेकडच्या घरांसाठी धोक्याची खूण साधारण उणे ७ अंश मानतात. शून्याला लगेच घाबरायचं कारण नाही, पण तयारी शून्याच्या आधी करायची. सगळ्यात आधी बागेची रबरी नळी तोटीवरून काढायची. ती लावलेली राहिली तर पाणी आत कोंडून राहतं आणि तोटी बंद करूनही रिकामी होत नाही. काही घरांत न गोठणारे नळ असतात. त्यांचा दांडा लांब असतो आणि पाणी अडवणारा भाग भिंतीच्या आत, उबेत. पण रबरी नळी तशीच राहिली तर तेही फुटतात. मग उरलेलं पाणी गळून जाऊ द्यायचं आणि टोपी घालायची. हे पाच मिनिटांचं काम आहे.

वीज गेली आणि थंडी वाढतच चालली, तर मात्र टोपीच्या भरवशावर राहायचं नाही. मेन कॉक बंद करून सगळे नळ उघडायचे आणि लाइन रिकामी करायची. पाणीच नाही तर दाब कुणाचा? तिकडे मेन कॉक बऱ्याचदा रस्त्याकडेच्या मीटरच्या खड्ड्यात, झाकणाखाली असतो आणि त्याला वेगळी लांब चावी लागते. बहिणीला तो कुठे आहे हेच माहीत नव्हतं. घर देताना कुणी दाखवलं नव्हतं. यात तिचा दोष मी धरत नाही.

अजून एक गोष्ट. २०२१ मध्ये ह्यूस्टन शहराने लोकांना उलट सांगितलं, की पाइप वाचवायला पाणी सोडून ठेवू नका, गरज असेल तर लाइन बंद करून रिकामी करा. हजारो घरांत तोट्या टपकत होत्या, शिवाय फुटलेले पाइप. शहराचा दाब इतका घसरला, की दवाखान्यांना आणि आग विझवायला पाणी पुरेना. एका घराला शहाणपण ते सगळ्या शहराला नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्या, मुलं भांडतात चांगली.

प्रयोग करायचा असेल तर प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या घ्या. एक काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, दुसरी पाऊण भरा. ओळखीच्या दुकानदाराच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. काचेची बाटली अजिबात नको.

आणि तिकडे कुणी नातेवाईक असतील तर हेही कळवा. गोठलेला पाइप मेणबत्तीने किंवा गॅसच्या ज्योतीने शेकायचा नाही, केस वाळवायचं यंत्र पुरतं. तोटी उघडी ठेवायची आणि तोटीकडून मागे शेकत जायचं, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट राहते. पाणी परत सुरू करताना मेन कॉक हळूहळू उघडायचा. घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघायचा. काटा फिरत असेल तर पाणी भिंतीत नाहीतर माळ्यात जातंय, कॉक लगेच बंद करा आणि मग प्लंबरला फोन करा.