न थांबणारे हात

गावच्या देवाची पालखी निघाली, की भोई वाटेत खांदा बदलतात. पण पालखी खाली टेकत नाही. थकलेला बाजूला होतो, ताज्या दमाचा पुढे येतो आणि चाल तशीच राहते. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाला वाचवू पाहणाऱ्या पथकाचे कार्य मला याच जातीचे वाटते.

हृदय थांबले, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि अवघ्या ४-५ मिनिटांत त्याला इजा होऊ लागते. तेव्हा रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबून कसे चालेल? उपचारच रुग्णाकडे धावले पाहिजेत. हा विचार १९६६ साली बेलफास्ट शहरात डॉ. पँट्रिज यांनी प्रत्यक्षात आणला; हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र त्यांनी रुग्णवाहिकेत ठेवले. महाराष्ट्रातही २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

निवृत्तीनंतर मी आपत्कालीन पथकाचे एक प्रात्यक्षिक पाहिले. जमिनीवर माणसाचा पुतळा निजविला होता. एकाने त्याच्या छातीच्या मध्यभागी तळहात रोवून दाबण्यास आरंभ केला : मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल. दुसरा रबरी पिशवीने श्वास देई. ३० दाबांमागे २. तिसऱ्याने यंत्र जोडले, चौथ्याने औषध सिद्ध केले. प्रमुख मात्र कशालाच हात लावीत नव्हता. घड्याळाकडे आणि सर्वांकडे लक्ष ठेवणे हेच त्याचे काम. हृदय नुसते थरथरत असेल, तरच झटका द्यावयाचा. त्या वेळी "दूर व्हा!" अशी आज्ञा होई आणि झटका देताच हात पुन्हा छातीवर येत.

दर दोन मिनिटांनी दाबणारा बदले. मीही पुतळ्यावर हात ठेवून पाहिला. मिनिटभरातच दंड भरून आले. थकलेला हात उथळ दाबतो आणि ते त्याचे त्याला उमगतही नाही. दमेपर्यंत झुंजणाऱ्याला आपण शूर म्हणतो. येथे वेळेवर जागा सोडणे हेही कर्तव्यच ठरते.

एवढे करूनही प्रत्येक जीव वाचतोच असे नाही. पण पथक येईपर्यंतची मिनिटे वाया गेली, तर आशा फारच थोडी उरते. म्हणून मुलांनो, ही विद्या जाणत्यांकडून शिकून ठेवा. कोणी एकाएकी कोसळला, हाकेला ओ देईना, श्वासही नीट घेईना, तर मोठ्यांना बोलवा, १०८ ला कळवा आणि छाती दाबू लागा. पुढे पथक हात बदलील. पहिला हात मात्र जवळ असणाऱ्याचाच असतो.